पाखराचा दगड

या, अंमळ पुढे सरका. मागे भिंतीला टेकलेल्यांनीसुद्धा उठा आणि इकडे या, तिथे झोप लवकर येते. आज एका दगडाची गोष्ट सांगतो. कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढाच दगड. देवाने तो जमिनीच्या पोटात निवांत ठेवला होता. माणसाने तो वर काढला, आणि वर काढल्यावर त्याचं काय करायचं हे ज्यांना अजिबात कळत नव्हतं, नेमक्या त्यांनाच त्याच्यावर भाषण करायला बोलावलं. हसू येईल तिथे पोटभर हसा, माझी हरकत नाही. शेवटी मात्र तुमच्याकडे एक मागणं आहे, ते ऐकल्याशिवाय कोणी उठायचं नाही.

तर एक डोंगर होता आणि डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याची लांबच लांब शेड होती. शेडमध्ये लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर उथळ लाकडी पेट्या, पेट्यांत खणांच्या ओळी आणि त्या ओळींत दगडाच्या गोल कांड्या, उसाचे करवे तोडून मांडावेत तशा. डोंगराला यंत्राने खोल भोक पाडलं की आतून ही कांडी निघायची. ती ज्या क्रमाने वर आली त्याच क्रमाने पेटीत ठेवायची. मग प्रत्येक कांडी उभी चिरायची. अर्धी प्रयोगशाळेत दळायला जायची आणि अर्धी पेटीतच राहायची. का, तर उद्या कोणी शंका काढली तर दाखवायला काहीतरी हवं. ती उरलेली अर्धी म्हणजे डोंगराची साक्ष. एवढं लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

त्या डोंगरात लिथियम सापडलं होतं. मोटारींच्या आणि फोनच्या बॅटऱ्यांत जातं ते. सापडल्यापासून तिथल्या मोठ्या माणसांची चालच बदलली. छाती काढून अशी चालू लागली, जणू डोंगरात ते लिथियम यांनीच रात्रंदिवस खपून भरलं होतं.

त्या शेडची झाडलोट आक्का करायची. आक्का म्हणजे सगळ्यांचीच आक्का. तिच्याहून वयाने मोठे पहारेकरीसुद्धा तिला आक्काच म्हणायचे, नाहीतर तिच्या तोंडाला कोण लागणार? पेट्यांवरची धूळ पुसायची, कबुतरं हाकलायची, शेळ्या आत शिरू द्यायच्या नाहीत, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दोन शब्द सुनवायचे, ही तिची कामं. चौथं काम तिला कोणी सांगितलं नव्हतं, तेच ती सगळ्यांत मन लावून करायची.

तिचा धाकटा भाऊ याच शेडमध्ये कांड्या चिरायचा. कोपऱ्यात चक्री करवत होती. करवतीवर सतत पाण्याची धार हवी. पाणी असलं की दगडाची भुकटी खाली चिखल होऊन पडते, आणि पाणी नसलं की ती हवेत उडून माणसाच्या छातीत जाऊन बसते. सुरुवातीला टँकर यायचा. मग वरून निरोप आला की विश्रामगृहापुढच्या हिरवळीला पाणी कमी पडतंय, बाहेरचे पाहुणे येतात, गवत पिवळं दिसलं तर काय म्हणतील? अर्धा टँकर तिकडे वळला. काही दिवसांनी उरलेला अर्धाही वळला. आणि आक्काचा भाऊ नाकाला फडकं बांधून कोरडाच दगड चिरत राहिला. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा पापण्यांपासून पायापर्यंत पांढरा, पीठगिरणीतून आल्यासारखा.

त्याची एक सवय होती. चिरणारे सगळेच दिवसाच्या शेवटच्या कांडीवर मेणाच्या पेन्सिलीने खूण करायचे, म्हणजे सकाळी कुठून सुरू करायचं ते कळतं. कोणी रेघ ओढायचा, कोणी फुली मारायचा. हा पाखरू काढायचा. पेन्सिल न उचलता एका झटक्यात, मान मागे वळवून बघणारं पाखरू. म्हणून त्याचं नावच पाखऱ्या पडलं.

एका संध्याकाळी पाखऱ्याने पाखरू काढलं, फडकं खिळ्याला अडकवलं आणि घरी गेला, तो पुन्हा करवतीपाशी आलाच नाही. खोकला इतका वाढला की भिंतीला टेकून, बसून श्वास घ्यायचा. मग तेही होईना.

त्याच्या जागी घरातलं कोणीतरी म्हणून आक्काला झाडू मिळाला. त्या शेवटच्या पाखराची अर्धी कांडी खालच्या मांडणीवर पेटीच्या कोपऱ्यात होती. बाकी सगळी शेड पुसून झाली की आक्का तिथे खाली बसायची आणि स्वच्छ फडक्याने तो दगड पुसायची, पाखराला हात न लावता, फक्त कडेकडेने.

आता भावजयीचं सांगतो. पाखऱ्याची बायको रस्त्यापलीकडच्या विश्रामगृहात खोल्या झाडायची, चादरी बदलायची. नणंद-भावजयीत बोलणं नव्हतं. कारण काय, तर नवरा गेला त्या दिवशी ही चारचौघांत रडली नाही. आक्काने तेव्हा सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "दगड शेडमध्ये असतात म्हणे, पण खरा दगड आमच्या घरात आहे." तेव्हापासून रस्त्यात समोरासमोर आल्या तरी एक आकाशात बघायची आणि एक गटारात.

असं चाललेलं असताना परिषद ठरली. 'स्वच्छ ऊर्जा, नवं भविष्य' असं काहीतरी तिचं नाव होतं. खनिज विकत घेणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांची माणसं येणार, मंत्री येणार, छायाचित्रकार येणार. सगळी जबाबदारी प्रकल्पाच्या संचालकांवर. या गृहस्थांना त्यांच्या पाठीमागे सगळे कातरसाहेब म्हणायचे, कारण फिती कापण्यापलीकडे त्यांच्या हातून काही झाल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. तेवढं मात्र ते सुंदर करायचे. फीत कापताना मान अशी तिरकी ठेवायचे की फोटोत दुसरा कोणी यायलाच नको.

परिषदेच्या आदल्या आठवड्यात कातरसाहेब शेडमध्ये आले. त्यांच्या मागे सुतार, आणि सुताराच्या मागे भूगर्भशास्त्रज्ञ, ज्यांना सगळे दगडमास्तर म्हणायचे. बारीक अंगाचे, भला मोठा चष्मा, आणि आवाज असा की समोरच्याने कान पुढे करावा.

"मास्तर, यातला देखणा माल कुठला?" साहेबांनी विचारलं.

"माल सगळाच... म्हणजे साहेब, हे नमुने आहेत. हलवत नाहीत."

"हलवत नाहीत? मग काय आरती करता काय यांची? पाहुण्यांना भेट द्यायचीय. खाली लाकडी बैठक, पितळी पट्टी, वर दगडाला पॉलिश. कल्पना माझीच आहे."

"पण साहेब, उद्या कोणी फेरतपासणी मागितली तर..."

"कोण मागणार? जे मागणार तेच तर पाहुणे आहेत! त्यांच्याच घरात दगड, मग काय स्वतःच्याच टेबलावरचा दगड आपल्याकडे मागतील?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. विरोध म्हणून त्यांना एवढंच जमत असे.

सुतार कांड्या उचलू लागला. हिरवट, काचेसारखे लांब स्फटिक असलेल्या निवडून निवडून घेत होता. नेमका ऐन मालाचा भाग. एकेक खण रिकामा होऊ लागला. आक्का झाडू धरून उभी होती. सुतार खालच्या मांडणीकडे वाकला तशी ती मध्ये आली.

"हा नको. बाकीचे काय न्यायचे ते न्या. हा नको."

"का बुवा?" साहेब म्हणाले.

"याच्यावर माझ्या भावाचं पाखरू आहे."

हे बोलली आणि तिथेच चुकली बिचारी. गप्प बसली असती तर साहेबांचं त्या कोपऱ्याकडे लक्षही गेलं नसतं. त्यांनी वाकून पाहिलं आणि चेहरा असा उजळला की जणू कोणीतरी फीत आणि कातर समोर धरली.

"अरे वा! पाखरू! निसर्ग, पर्यावरण, सगळं यात आलं! आपण बोधचिन्ह शोधत होतो ना? सुतार, हा प्रमुख पाहुण्यांना. पॉलिश करताना पाखरू पुसू नका हं."

"साहेब, तो गेलाय हो," आक्का म्हणाली. कधी नव्हे तो तिचा आवाज खाली आला होता. "त्याच्या हातचं एवढंच राहिलंय."

"बाई, तुमच्या भावना मी समजतो. पण जरा मोठा विचार करा. तुमच्या भावाचं काम आता समुद्रापार जाणार. जिवंतपणी असं भाग्य मिळालं असतं का त्याला?"

"जिवंतपणी त्याला एक धारभर पाणी मिळालं असतं तरी पुरलं असतं."

पण साहेबांनी पाठ फिरवली होती. ते सुताराला पितळी पट्टीवर आपलं नाव किती मोठं हवं ते बोटांनी दाखवत होते.

परिषद झाली. बघण्यासारखी झाली. हिरवळीवर पांढरा मंडप, आणि त्यात थंडगार हवा सोडणारी यंत्रं. ती यंत्रं चालायला मंडपामागे डिझेलचे जनरेटर धडधडत होते आणि त्यांचा काळा धूर सरळ डोंगराकडे निघाला होता. विजेवर चालणाऱ्या पांढऱ्याशुभ्र मोटारी मांडून ठेवल्या होत्या. त्या तिथे ट्रकमधून आणल्या होत्या, कारण आल्या असत्या चालत, पण परत जायला त्यांना चार्ज कुठे करणार? जागा हलवायची झाली तर ड्रायव्हर आणि माळी मिळून ढकलत.

मंत्री उभे राहिले. "बंधूंनो, साऱ्या जगाचा धूर पुसायचं काम आपल्या या डोंगराने अंगावर घेतलंय!" एवढ्यात वारा फिरला, जनरेटरचा धूर मंडपात शिरला आणि मंत्री खोकले. साधाच खोकला. पण पाच माणसं पाच बाटल्या घेऊन धावली. मागे चहाच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या आक्काने ते पाहिलं. तिने हातातली किटली खाली ठेवली, कारण ती हातात राहिली असती तर तिचं काय झालं असतं सांगता येत नाही.

मग भेटवस्तू. प्रमुख पाहुणा म्हणजे बॅटऱ्या बनवणाऱ्या मोठ्या कंपनीचा मोठा माणूस, उंच, हसरा, कोणाकडेही बघून सारखाच हसणारा. कातरसाहेबांनी पाखराचा दगड दोन्ही हातांनी पुढे केला. "सर, याला दगड समजू नका. हे भविष्य आहे!" पाहुण्याने भविष्य हातात घेतलं आणि त्याचे हात एकदम खाली गेले, जड होतं ना. फोटो निघेपर्यंत त्याने कसंबसं धरलं, मग बाजूच्या सहायकाला दिलं, सहायकाने मागच्या शिपायाला दिलं, आणि शिपायाने खुर्चीखाली ठेवलं. टाळ्या चालूच होत्या.

आक्का पुढे निघाली. काय करणार होती तिलाही ठाऊक नव्हतं. छातीवर बिल्ला लावलेल्या एका पोरसवदा अधिकाऱ्याने तिला अडवलं. "मावशी, रिकामे कप त्या बाजूला." आणि आक्काने कप उचलले. जन्मभर कोणाचं ऐकलं नाही त्या बाईने, पण त्या दिवशी मुकाट कप उचलले.

दुसऱ्या दिवशी पाहुणे विमानतळाकडे गेले. आक्का शेडमध्ये पेट्या पुसत होती. दात पडलेल्या तोंडासारख्या दिसत होत्या पेट्या. तेवढ्यात दारात सावली पडली. वर पाहते तर भावजय, कमरेवर चादरीचं गाठोडं, आणि त्या वजनाने एका अंगाला कललेली. या शेडच्या आत तिने आजवर पाऊल टाकलं नव्हतं.

"कुठे ठेवू?" ती म्हणाली.

"काय आहे ते?"

"भविष्य," भावजय म्हणाली आणि गाठोडं खाली आपटलं.

गाठ सुटली. आत दगड होते. पॉलिश केलेले, लाकडी बैठकीवरचे, पितळी पट्टीवाले. सगळेच्या सगळे.

"पाहुणे टाकून गेले," भावजय सांगू लागली. "विमानात एवढं वजन चालत नाही म्हणे. हा न्हाणीघराच्या दाराला लावला होता, दार आपोआप मिटू नये म्हणून. हा डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली. यावर सिगारेटी विझवल्यात, बघा काळं. हा कचऱ्याच्या डब्यात संत्र्याच्या सालीखाली सापडला. आणि या दोघांना तर पलंगाखाली ढकलून गेले होते, लपवल्यासारखे. तेवढी तरी लाज होती म्हणायची."

"जड पडलं वाटतं भविष्य," आक्का म्हणाली, आणि मग आठवलं की आपण हिच्याशी बोलत नाही. पण तोवर ती गुडघ्यावर बसून दगड उलटेपालटे करू लागली होती. एक उलटला, दुसरा उलटला. सगळे पाहिले. पाखरू नव्हतं.

"तो कुठाय?"

भावजय उभीच होती. तिने खांद्याची पिशवी पुढे घेतली आणि आतून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं, पण खाली ठेवलं नाही.

"तो मोठा पाहुणा हिरवळीवर फिरून आला होता. बुटांना चिखल लागला, म्हणून बूट वाळत घातले होते त्याने. याच्यावर. पाखरावर." तिचा आवाज तसाच कोरडा होता. "मी धुतला. पण हा मी देणार नाही, वन्सं. हा माझा."

"तुझा? मी रोज पुसते त्याला! आणि ते पाखरू तरी कोणी शिकवलं? पाटीवर हात धरून मी गिरवून घेतलंय ते. तू तेव्हा कुठे होतीस?"

"तुम्ही शिकवलेलं पाखरू समोर बघायचं."

"म्हणजे?"

"लग्न झाल्यावर एकदा मला काढून दाखवलं त्यांनी. म्हणाले, हे आक्काचं पाखरू. मी म्हटलं, हे तर उडून जायला निघालंय. याची मान वळवा, जरा घराकडे बघू दे. तेव्हापासून मान वळवून काढायचे."

आक्काने रुमाल बाजूला केला आणि पाखराकडे बघितलं. रोज बघत होती, पण मान कुठे वळलीय याचा विचार तिने कधी केला नव्हता.

"आणि मी रडत नाही म्हणून बोलता ना," भावजय म्हणाली, "शेवटी शेवटी खोकून खोकून त्यांना घटकाभर डोळा लागायचा. मी हुंदका दिला तरी जाग यायची. म्हणून रडायचंच नाही असं ठरवलं. ते गेले, पण ती सवय जाईना. काय करू? तुम्हाला बरं वाटावं म्हणून चारचौघांत रडून दाखवू?"

शेडमध्ये कबुतरं शिरली होती. आक्काने हाकलली नाहीत. ती म्हणाली, "बस. उभी किती राहशील? पाय तुटले असतील एवढं ओझं आणून." आणि तिने बाकावरची धूळ आपल्याच हाताने पुसली. आक्काची माफी एवढीच असायची, ज्याला कळली त्याला कळली.

दगडांचं गाठोडं त्यांनी कोपऱ्यात सरकवून ठेवलं. "ज्यांनी काढले त्यांनीच परत लावावेत," आक्का म्हणाली.

आणि खरोखरच ती वेळ आली. काही आठवडे गेले आणि एका सकाळी कातरसाहेब शेडमध्ये आले ते धावतच, मागे दगडमास्तर. विकत घेणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेचा फोन आला होता. आकडे चांगले आहेत, फार चांगले आहेत, इतके की पुन्हा तपासायचे आहेत. तेव्हा राहिलेली अर्धी साक्ष पाठवा. नाहीतर डोंगराचा तेवढा भाग हिशेबात धरता येणार नाही.

"आता काय पाठवू, या रिकाम्या पेट्या?" साहेब पेट्यांकडे असे बघत होते जणू दगड पळून गेले. "पाहुण्यांना फोन लावतोय सकाळपासून. सगळे म्हणतात, तुमची भेट आमच्या टेबलावर आहे, रोज बघतो, जिवापाड जपलीय!"

भावजय त्या दिवशी आक्काबरोबर बाकावर बसली होती. कामावर जायच्या आधी आता ती रोज घटकाभर यायची. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आक्काने पायाने कोपऱ्यातलं गाठोडं पुढे ढकललं.

"हे बघा बरं साहेब, यातलं काही उपयोगी पडतंय का."

साहेबांनी गाठोडं उघडलं आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग सारखा बदलू लागला. मास्तर मात्र दगडांवर झडप घालून बसले. एकेक उचलला, नखाने खरवडला, वास घेतला.

"साहेब, सगळ्यांवर पॉलिश चढलंय. आणि कांड्यांवरचे खोलीचे आकडे सुताराने घासून टाकलेत, गुळगुळीत दिसावं म्हणून. कुठला तुकडा कुठला, ते आता देवच जाणे." ते थांबले. "एकच तुकडा ओळखू आला असता. पाखराचा. त्याची जागा मला पाठ आहे. तो मिळाला तर पॉलिश घासून, निदान तेवढा दळून पाठवता येईल."

दळून. बाकावर बसलेल्या भावजयीच्या मांडीवर तिची पिशवी होती, आणि पिशवीत रुमाल होता, आणि रुमालात तोच दगड होता. तिचे हात पिशवीवर आवळले.

"तो तर प्रमुख पाहुण्यांकडे!" साहेब म्हणाले. "तो यात नाही ना? बघा, खरा माणूस! बाकीचे टाकून गेले, पण त्यांनी नेला." आणि त्यांनी तिथेच फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. पलीकडून तो हसरा आवाज आला. सोबतचा दुभाषी सांगत होता: सर म्हणतात, तो दगड आत्ता त्यांच्या समोर आहे. त्यांच्या कुटुंबाच्या फोटोशेजारी. रोज सकाळी त्या पाखराकडे बघून ते कामाला सुरुवात करतात.

आक्काच्या तोंडात शब्द आले. असे आले की आयुष्यात आले नव्हते. उठून पिशवी उघडावी, दगड फोनपुढे धरावा आणि सांगावं त्या हसऱ्याला, तुझ्या फोटोशेजारी नाही, तुझ्या बुटांखाली होता. आणि या तिरक्या मानेच्या माणसाचं तोंड कसं होतं ते डोळे भरून बघावं. जन्मभराची हौस एका वाक्यात फिटली असती. तिने तोंड उघडलंसुद्धा. मग तिची नजर भावजयीच्या हातांवर गेली. बोटं पांढरी पडली होती.

आक्काने तोंड मिटलं. ज्या बाईने एक शब्द कधी गिळला नाही तिने त्या दिवशी अख्खं जेवण गिळावं तसं ते सगळं गिळलं.

दगडमास्तर पिशवीकडे बघत होते. पिशवीचा तळ कसा ताणलाय, आतलं जड आणि लांबट काय आहे, हे दगडांच्या माणसाला कळायला वेळ लागत नाही. त्यांनी चष्मा काढला. पुसला. खूप वेळ पुसला. परत घालेपर्यंत भावजय उठून पिशवीसकट दाराबाहेर गेली होती.

"ऐकलंत?" साहेब फोन ठेवून म्हणाले. "किती जपलंय! आता त्यांच्याकडे परत मागणं बरं दिसेल का? शोभेल का आपल्याला?"

"नाही शोभणार," मास्तर म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाज व्यवस्थित ऐकू आला. "त्याच जागेशेजारी नवं भोक पाडावं लागेल. कांड्या नव्याने चिराव्या लागतील."

तसंच झालं. आणि आता नीट ऐका. नव्या कांड्या चिरताना विकत घेणाऱ्या कंपनीचा निरीक्षक समोर उभा राहणार होता. तो येणार म्हटल्यावर विश्रामगृहाच्या हिरवळीचा टँकर सकाळीच वळला, सरळ शेडपाशी आला आणि नळी करवतीला लागली. एका दिवसात लागली! मंत्र्याची सही लागली नाही, बैठक लागली नाही, निविदा लागली नाही. इतके दिवस जे पाणी डोंगरात नव्हतं, नदीत नव्हतं, देशात नव्हतं, ते एका परक्या नाकाला धूळ लागू नये म्हणून धो धो वाहत आलं. निरीक्षकाने तरीही नाकातोंडाला पांढरा मास्क लावला होता आणि दोन पावलं मागेच उभा होता. नवा चिरणारा घोट्यापर्यंत चिखलात भिजला होता आणि त्याच्या पापण्या काळ्याच राहिल्या.

दोघी बाकावर बसून बघत होत्या.

"एवढीशी नळी," भावजय म्हणाली, आणि तिथे, सगळ्यांसमोर, ती रडली. हमसून हमसून रडली. आक्काने तिला गप्प केलं नाही. मागे वळून बघणाऱ्या निरीक्षकाला मात्र म्हणाली, "तुम्ही तुमचा दगड बघा."

हिरवळ पिवळी पडली. कातरसाहेबांनी टँकर परत मागवायचं मनात आणलं होतं, पण निरीक्षक अधूनमधून न सांगता येऊ लागला, त्यामुळे त्यांचं धाडस झालं नाही. त्यांची बढती झाली हेही सांगायला हवं; अशा माणसांची होतेच. आता ते मोठ्या शहरात मोठ्या फिती कापतात.

आणि पाखराचा दगड? भावजयीने स्वतःच आणून ठेवला, तो परत आपल्या पेटीत, आपल्या कोपऱ्यात आहे, पाखराची बाजू खाली करून. वाकून बघायची सवय साहेबांना कधीच नव्हती आणि त्यांच्या जागी आलेल्यांनाही नाही, त्यामुळे त्याला आता धोका नाही. सकाळी दोघी जणी तो उलटतात आणि पुसतात. अजून भांडतात. आक्का म्हणते, तू पाखरावरून फडकं फिरवतेस, पुसलं जाईल. भावजय म्हणते, तुम्ही कडेकडेनेच पुसता, मधली धूळ कोण काढणार, मंत्री?

गोष्ट संपली. आता माझं मागणं. तुमच्यापैकी पुष्कळांच्या खिशात फोन आहे. कोणाकडे विजेची मोटारही असेल, चांगलं आहे, देव ती चालती ठेवो. त्यात जे भरलंय ते कुठल्यातरी डोंगरातून आलंय आणि कोणीतरी ते कोरडं चिरलंय. संध्याकाळी फोन चार्जिंगला लावाल तेव्हा घाई करू नका. तार हातात धरून क्षणभर थांबा आणि मनातल्या मनात म्हणा, पाखऱ्या, बाबा, आठवण आहे हो तुझी. आणि मग लावा.